प्रतिकूल ताबा

कोठीतल्या दप्तरखान्यात पंखा
दोनवरच चालतो.
तीनवर कागद उडतात, एकवर ठाकोरभाई झोपतात,
असं ठाकोरभाईच सांगतात.

माझा विषय प्रतिकूल ताबा.
दुसऱ्याच्या जागेवर बारा वर्षं
उघडपणे, अखंड, मालकाला न जुमानता राहिलात
तर ती तुमची होते.
दांडिया बाजारात आईला हे समजावलं तेव्हा
ती शेंगा सोलता सोलता म्हणाली,
"म्हणजे चोरीच की. फक्त सावकाश."
याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही
आणि ही देता येत नाही, संदर्भ काय लिहू?

सहावं वर्ष.
सकाळी फॅमिली कोर्ट, दुपारी मोडी,
रात्री जेवणाच्या टेबलावर तळटीपा.
हायकोर्टाच्या एका निवाड्यावर
वरणाच्या पातेल्याचं पिवळं वर्तुळ उमटलंय,
सरकारी शिक्क्यासारखं, जरा वाकडं.

मजमुदार सर पेन्सिलीनं शेरा मारतात
"तर मग?"
एकशे चाळीस पानांचं प्रकरण, शेवटी तेवढंच.
सहा वर्षांत त्यांनी मला
याहून मोठं वाक्य लिहून दिलेलं नाही.

मग एका रुमालात,
ज्याची गाठ मला दातांनी सोडवावी लागली
(ठाकोरभाईंनी तोंड फिरवलं, उपकार),
भेटली सोनूबाई भ्रतार बाळाजी,
राहणार मेहता पोळ.
दिराच्या घराची मागची खोली, एक न्हाणी, अर्धा जिना.
नवरा गेल्यापासून चौदा वर्षं तिथेच.
वकिलाचा सवाल होता, या मुदतीत दिराशी भांडलात काय?
कारकुनाचा हात घाईचा.
"भांडले" मला दोन दिवस "सांडले" वाचता येत होतं
आणि मी विचार करत बसले, काय सांडलं असेल.

जबानीत ती म्हणते,
"भांडण्याजोगें बोलणेंच होत नसे.
जिना मात्र उभय बाजूंचा मीच झाडीत असें."

दावा खारीज.
राहिली ती संमतीनं, सबब ताबा प्रतिकूल नव्हे.
एकदा जरी कडाकडा भांडली असती
आणि नंतर बारा वर्षं गेली असती
तर खोली तिची होती.
निकाल बरोबर आहे. आजही हाच लागेल.
मी तो उजेडासमोर धरून पाहिला,
कुठे भोक नाही.
ठाकोरभाई चहा ठेवून विचारतात, "बेन, मळ्युं?"
मिळालं, ठाकोरभाई.
तर मग?

मार्चमध्ये विद्यापीठाच्या यंत्रानं प्रबंध चाळला.
साम्य अकरा टक्के.
उघडपणे, अखंड, न जुमानता,
या शब्दांवर गुलाबी पट्टा,
हे सगळ्यांनीच लिहून ठेवलंय.
मी इंग्रजीत आणलेल्या जिन्याच्या ओळीवर
काहीच नव्हतं.
पांढरी.
तिच्यासारखं दुसरं कुणी बोललेलं
त्याला कुठे आढळलं नाही.
मी ते पान दोनदा छापलं. गरज नव्हती.

मुदतवाढीच्या अर्जात रकाना आहे,
विलंबाचं कारण. दोन ओळी मोकळ्या.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

हेरंब ताटं घेऊन आला.
रागावून नाही, तो रागावत नाही.
"टेबल कधी मोकळं होणार?"
दर रात्री मी कागद गोळा करते,
खाली फडकं मारते,
त्याच्या बाजूलाही.
काल म्हटलं, "नाही होणार."
आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला,
साक्षीदाराला उलटतपासणीत विचारतो तसा.

तो थोडा वेळ उभा राहिला, मग ओट्यापाशी गेला.
वाटी कलली. कढी सांडली.
मी ते दोन्ही प्रकारे वाचून पाहिलं.

मग वहीच्या कोपऱ्यात तारीख टाकली.
मुदत कुठल्यातरी दिवसापासून
मोजायला लागते.